जमीन करायची तर...

न्यू जर्सीत आम्ही घर घेतलं तेव्हा दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा होता. सौ.ला तो आवडायचा. सहा महिन्यांसाठी कोकणातून आलेली आई मात्र त्यावर पाय टाकताना कचरायची. ‘‘अरे, खाली जमीन आहे की नाही तेच कळत नाही,’’ म्हणायची. शेवटी गालिचा काढून ओकच्या लाकडाची जमीन करायचं ठरलं. तीही घरच्या घरी, कारण इथे कारागिराची मजुरी ऐकूनच घाम फुटतो!

पॉलिश केलेल्या तयार पट्ट्या मिळतात. मी कोऱ्या आणल्या. त्या बसवून झाल्यावर घासल्या की सगळी जमीन एकसंध, सपाट होते. पाऊण इंच जाड, सव्वादोन इंच रुंद, एका कडेला जीभ आणि दुसरीला खाच. शुक्रवारी गठ्ठे आले आणि शनिवारी सकाळी मी हातोडा घेऊन बसलो.

‘‘काल आणलंस नि आज ठोकणार?’’ आईने विचारलं. घरची मातीची जमीन चोपण्याने चोपून झाल्यावर वाळायला वेळ द्यायची, घाई केली की भेगा पडायच्या, हे तिने आयुष्यभर पाहिलेलं. मी हसलो. पण माहितीपुस्तक उघडलं तर तेच लिहिलेलं! पट्ट्यांतला ओलावा आणि खालच्या प्लायवूडमधला ओलावा यांत चार टक्क्यांहून जास्त फरक नको. यंत्राने मोजला, तर फरक जास्त निघाला. मग दोन आठवडे पट्ट्या मोकळ्या करून ठेवल्या आणि आम्ही त्यांना वळसे घालत राहिलो.

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तेही लांबीपेक्षा रुंदीतच जास्त. म्हणून भिंतीलगत पाऊण इंच जागा मोकळी सोडायची. ती वरून पट्टीखाली झाकली जाते. जागा सोडली नाही, तर उन्हाळ्यात जमीन उचलून येते. खिळे जिभेतून तिरके मारायचे, म्हणजे पुढच्या पट्टीच्या खाचेत लपतात. घासायचं यंत्र भाड्याने आणलं. 36, मग 60, मग 100 नंबरचा पॉलिश पेपर. चालू यंत्र क्षणभर एका जागी थांबलं की तिथे खळगा पडतो. तसा एक मी पाडलाच. त्यावर आता सोफा आहे!

मग तेलाचा रंग फडक्यांनी लावून पुसला. रात्री दमून फडकी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली, पिशवी गॅरेजात टाकली आणि झोपलो. पाणी प्यायला उठलेल्या आईने मला हलवलं. ‘‘कसला तरी वास येतोय, बघ.’’ पिशवीला हात लावला तर गरम! ती बाहेर नेऊन फडकी पाण्याच्या बादलीत बुडवली. ‘‘ओला पेंढा रचला की उडवी आतून अशीच तापते,’’ आई म्हणाली.

हे तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन सुकतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, बोळ्यात कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेतं. 1991 साली आमच्या शेजारच्या फिलाडेल्फियात एका 38 मजली इमारतीला आग लागली, ती लाकूडकामानंतर राहिलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांमुळे. तीन अग्निशामक जवान त्यात गेले. हे मी वाचलं ते दुसऱ्या दिवशी! तुमच्याकडे दारांना तेल लावलंत, तर फडकी बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

पॉलियुरेथेनचे तीन हात दिले. दुसऱ्या दिवशी मोजे घालून चाललो. आई पाट न घेता भाजी निवडायला जमिनीवर बसली.

ती परत गेली आणि पहिल्याच हिवाळ्यात पट्ट्यांमध्ये दोरा जाईल एवढ्या फटी पडल्या. मी लांबी भरायला निघालो होतो. त्याआधी आईला फोन केला.

‘‘पावसात आपली दारं फुगतात, नंतर येतात ना जागेवर? थांब जरा.’’

थांबलो. जूनमध्ये फटी मिटल्या.