पांझरेचा फड आणि निबंधाचा पेपर

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत गोल रंगवायला सरावलेले हात पुन्हा लिहिते झाले. पूर्वी निबंध भाषेच्या पेपरात एका कोपऱ्यात असायचा. आता त्याचा स्वतंत्र पेपर आहे, २५० गुणांचा. मुलाखत सोडून जे १७५० गुण मोजले जातात त्यांचा सातवा हिस्सा. केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे हा पेपर १९९३पासून आहेच. तिथे आता तीन तासांत दोन निबंध लिहायचे, प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे.

रविवारी सराव पेपर असतो आणि मी तपासायला बसतो. विषय फळ्यावर आला की पहिली पंधरा-वीस मिनिटं कुणी उत्तरपत्रिकेला हात लावायचा नाही, असा आमचा नियम. पाळणारे थोडेच. शेजारच्याचं पेन चालू लागलं की याचा जीव खालीवर होतो. मग पहिला निबंध दोन तास रंगतो. दुसऱ्यात अक्षर मोठं होत जातं, समास सरकत सरकत पानाच्या मध्याकडे येतो आणि शेवटचा परिच्छेद तीन ओळींत गुंडाळला जातो. गुण मात्र दोन्हींना सारखेच, १२५.

कच्च्या कामाचं पान पाहिलं की पुढचं सगळं कळतं. मधोमध विषय, भोवती बाण: सामाजिक, आर्थिक, राजकीय, पर्यावरणीय. मुलं याला ‘डायमेन्शन’ म्हणतात. विषय कुठलाही असो, बाण तेच. त्यामुळे गठ्ठा तपासून संपला तरी एकच निबंध वाचल्यासारखं वाटतं. सुरुवातीला बहिणाबाई, शेवटी संविधानाची उद्देशिका. आसोद्याच्या बहिणाबाईंचं मोठेपण मी सांगायला नको, पण त्यांना दर निबंधाच्या दारात उभं करू नये.

एकदा केंद्रीय आयोगाच्या २०२३च्या पेपरातला विषय दिला होता: ज्या समाजात न्याय अधिक, त्याला दानधर्माची गरज कमी. साक्री तालुक्यातल्या एका मुलाने गांधी, आंबेडकर, रॉल्स आणि कंपन्यांचा सीएसआर, सगळं ओळीने मांडलं होतं. चूक काही नव्हती. मी विचारलं, “तुमची शेती कुठे?”

“पांझरेकाठी, सर. फडात.”

“पाणी कोण सोडतं?”

“पाटकरी. आपण स्वतः पाणी घ्यायचं नाही.”

मग तो बोलत सुटला. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक. बऱ्याच जणांच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या. बंधाऱ्यात पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना थोडी थोडी बसते, एकट्याचं कंबरडं मोडत नाही. उत्तरपत्रिकेच्या पाठीवर त्याने पाट काढला, फड काढले, पाटकऱ्याची वाट दाखवली. पाण्यासाठी कुणाच्या दारात जाऊन हात पसरायचा नाही, कारण वाटणी आधीच ठरलेली. निबंधाचा विषय याहून वेगळा काय होता? शेकडो वर्षांची ही पद्धत त्याच्या घरची होती आणि बाराशे शब्दांत तिला एक ओळही मिळाली नव्हती.

पुढच्या रविवारी त्याने निबंध पुन्हा लिहून आणला, तर फडाचीच दोन पानं! पाटबंधारे खात्याचा अहवाल वाटावा असा. आम्ही ते सात-आठ ओळींवर आणलं. मग मी त्याला अडवलं: फडात ज्याची जमीनच नाही, त्या शेतमजुराचं काय? आतल्यांना न्याय आणि बाहेरच्याला पुन्हा दानधर्मच ना? तो बराच वेळ गप्प बसला. तिसऱ्या मसुद्यात तो प्रश्न निबंधाच्या मध्यावर आला आणि तिथून लिखाण कुणाच्याही नोट्ससारखं राहिलं नाही.

उदाहरणाचीही चटक लागते म्हणा. २०२४च्या पेपरात जंगलं संस्कृतीच्या आधी येतात आणि वाळवंटं मागून, अशा अर्थाचा विषय होता. तेव्हा मी साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं नाव घेतलं. गावाने राखलेलं जंगल, चैत्राम पवार, २०२५ची पद्मश्री. त्यानंतर महिनाभर बारीपाडा सगळीकडे उगवला. सुखाचा मार्ग कोणता, या निबंधातसुद्धा!

जळगावात दीपस्तंभ संस्थेच्या ‘मनोबल’ केंद्रात दृष्टिहीन मुलंही या परीक्षांची तयारी करतात. त्यांचा निबंध लेखनिकाच्या हातून उतरतो. केंद्रीय आयोग त्यांना तासामागे वीस मिनिटं जादा देतो. सांगून लिहवून घेताना मागची ओळ डोळ्यांपुढे नसते, म्हणून वाक्य आखूड ठेवावं लागतं आणि पुढचा मुद्दा आधीच मनात जुळवावा लागतो. डोळस मुलांनीही एखादा निबंध असा सांगून पाहावा. लेखनिक कसलेला असला तर काय होतं, हे धुळ्याला नव्याने सांगायला नको: १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबांनी सांगितलेली गीता प्रवचनं साने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली होती.

अभ्यासिकेच्या टेबलांवर राजेश पाटलांचं ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’ दिसतं, सामोड्याच्या डॉ. राजेंद्र भारूडांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ दिसतं. पुस्तकांची वाण नाही, वायफायची नाही. वाण आहे ती निबंध वाचून त्यावर वाद घालणाऱ्या माणसाची. जिल्ह्यात निवृत्त शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, पेन्शनीत निघालेले अधिकारी आहेत. त्यांनी जवळच्या अभ्यासिकेत महिन्यातला एक रविवार द्यावा. गुण दिले नाहीत तरी चालेल. समासात एक प्रश्न लिहावा.