घरांचा आकडा कोण ठरवतो?

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात घरे कुठे बांधायची आणि शेते कुठे राखायची, याचा स्थानिक आराखडा नगर परिषद करते. पण तो राष्ट्रीय धोरणाच्या चौकटीतच बसवावा लागतो आणि मंजुरीआधी सरकारने नेमलेला निरीक्षक त्याची छाननी करतो. डिसेंबर 2017 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात 2011 ते 2031 या काळासाठी 42,400 घरांची गरज धरली होती. त्यांपैकी 24,600 शहरात, उरलेली शेजारच्या वॉरिकशायरमध्ये. त्यापायी केरेस्ली आणि ईस्टर्न ग्रीन इथली शेतजमीन बांधकामापासून राखलेल्या हरित पट्ट्यातून वगळली गेली.

हा सगळा हिशेब लोकसंख्येच्या सरकारी अंदाजावर उभा होता. शिकून शहर सोडणारे विद्यार्थी त्यातून नीट वजा होत नाहीत, असे रहिवासी कळकळीने सांगत राहिले. 2020 चा अधिकृत अंदाज होता 3,79,387. 2021 च्या जनगणनेत भरले सुमारे 3,45,300. रहिवाशांचे खरे ठरले, पण जमीन तोवर पट्ट्याबाहेर गेली होती.

महाराष्ट्रातही 1966 च्या नगररचना कायद्यानुसार महापालिकेच्या विकास आराखड्यावर शेवटची मोहोर राज्य सरकारची असते. म्हणून हरकती-सूचनांची मुदत दवडू नका. नकाशाआधी लोकसंख्येचा तक्ता तपासा.