जर्मनला कॉस्टिक चालत नाही: गाडीच्या भागांचा रंग काढताना

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. बायकांच्या कार्यक्रमात मोटरसायकलच्या इंजिनचं काय काम? पण आपल्याच गटांची कर्जं बघा. कुणाच्या मालकांनी त्यातून गॅरेज टाकलंय, कुणाच्या मुलाने जुन्या गाड्या घेऊन, रंगवून विकायला सुरुवात केलीय. आणि गॅरेजचं घासायचं काम हळूच घरी येतं. "आई, एवढं कव्हर साफ करून ठेव," म्हणत मुलगा ते मोरीत टाकून जातो. त्याच मोरीत आपण भांडी घासतो, लेकरांना आंघोळ घालतो.

आधी ओळखायचं कसं ते सांगते. इंजिनची कव्हरं, अलॉय व्हील, पुढच्या शॉकअपचा खालचा भाग हे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं असतं. आपल्या सासूबाई ज्याला जर्मन म्हणतात, तोच धातू. त्यात थोडे दुसरे धातू मिसळलेले. पेट्रोलची टाकी मात्र सहसा लोखंडी पत्र्याची. लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं आणि वस्तू थंड, धातूसारखी लागली तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम.

आता मुद्द्याचं. साबण, लिक्विड बनवणाऱ्या गटांच्या घरात कॉस्टिक सोडा असतो. लोखंडाचा रंग काढायला तो वापरतात, आणि लोखंडाचं त्यात फारसं बिघडत नाही. तेच बघून कुणीतरी सांगतं, पाण्यात कॉस्टिक टाका, भाग बुडवून ठेवा, रंग आपोआप निघतो. रंग निघतो हे खरं. पण अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत कॉस्टिक रंगावर थांबत नाही, धातूही खातं. जर्मनच्या पातेल्यात धुण्याचा सोडा उकळला की पातेलं काळवंडतं, हे आपण पाहिलंय. कॉस्टिक त्या सोड्यापेक्षा कितीतरी जहाल. भाग त्यात पडला की बुडबुडे सुटतात, पाणी स्वतःच तापत जातं. ते बुडबुडे हायड्रोजन वायूचे. हा वायू ठिणगीने पेटतो, आणि मोरीच्या पलीकडे भिंतीला लागूनच आपला गॅस असतो. शिवाय बुडबुडे फुटताना कॉस्टिकचे बारीक तुषार उडतात, ते नाकाघशात आणि डोळ्यांत जातात. भाग झाकणाच्या डब्यात बुडवून झाकण घट्ट लावलं तर आत दाब वाढून डबा फुटू शकतो.

भागाचं नुकसान वेगळंच. ऑइल सील बसते ती कड, गॅस्केटची सपाट बाजू, नटाचे आटे खाल्ले गेले की कव्हर गळायला लागतं. रंगाचे पैसे वाचवायला जावं आणि नवं कव्हर घ्यावं लागावं, असा हा व्यवहार.

दुसरी गोष्ट बाजारातला पेंट रिमूव्हर. त्यातल्या काही डब्यांवर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन असं लिहिलेलं असतं. दोन्ही नावं एकाच पदार्थाची. रंग झपाट्याने सोडवतो म्हणून तो लोकांना आवडतो. पण तो साधारण 40 अंशांना उकळतो, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी डबा उघडला की त्याची वाफ व्हायलाच लागते. ती वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते. मोरीत उकिडवं बसून काम करणारीच्या तोंडाशी ती साठते. जवळ रांगणारं मूल असेल तर त्याच्या आणखी जवळ. ही वाफ गुंगी आणते, आणि शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, बंद खोलीत शेगडी ठेवल्यावर होतो तोच विषारी वायू. अमेरिकेत बाथटबचा रंग काढणारे कामगार बंद बाथरूममध्ये यानेच दगावले आहेत. 2019 साली तिथे घरगुती ग्राहकांना असा रिमूव्हर विकायला बंदी आली. कापडी रुमाल किंवा कोरोनातला मास्क या वाफेला अडवत नाही आणि पातळ रबरी मोज्यांतून हा पदार्थ काही मिनिटांत आत शिरतो. माझं स्पष्ट मत आहे, हा डबा घरात आणूच नये.

त्याऐवजी बेंझाइल अल्कोहोलवर चालणारा रिमूव्हर मिळतो का ते विचारा. तो सावकाश चालतो, काही तास लागतात, दुकानदार कुरकुर करेल. डब्यावर अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं लिहिलंय का, हेही बघा. हा सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. डब्यावर सांगितलेले हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, आणि काम अंगणात, सावलीत, वारा पाठीवर घेऊन करायचं.

बेअरिंग, ऑइल सील, रबर आणि प्लास्टिकचं सगळं आधी काढायला लावा. रिमूव्हर त्यांनाही सोडत नाही. ऑइलचा चिकटा साबणाने धुवा, नाहीतर रिमूव्हर रंगापर्यंत पोचतच नाही. मग जुन्या ब्रशने जाड थर लावा आणि वरून पिशवीचं प्लास्टिक झाका, म्हणजे तो वाळत नाही. रंग फुगून सुरकुतला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ओढून काढा. जुनं उलथणं चालेल, पण ते परत स्वयंपाकघरात येता कामा नये. तारेचा ब्रश आणि भांड्याची लोखंडी तार नको. मऊ धातूवर ओरखडे पडतात, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पुढे तिथे डाग उठतात. हिरवी घासणी पुरे. एका वेळेला सगळा रंग निघत नाही. पुन्हा लावा, घाई नको.

उरलेले ठिपके वॉटर पेपरने ओले ठेवूनच घासा. कोरडं घासलं की धूळ उडते, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे 2016 च्या नियमांनी शिशावर मर्यादा आली, दहा लाख भागांत 90, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. गाडीच्या जुन्या रंगात शिसं नाहीच, असं धरू नका. गरोदर बाईने हे काम करू नये आणि मुलं लांब ठेवावीत.

गॅसच्या बत्तीने रंग जाळायचा प्रकारही पाहिलाय. त्यात शिशाचा धूर होतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. दिसायला तसंच राहतं आणि आतून ताकद जाते. चाकाच्या बाबतीत तर हे जिवाशी खेळणं आहे. अलॉय व्हील सरळ पावडर कोटिंगवाल्याकडे द्या. तिथे पैसे जातात ते जाऊ देत.

रंग निघाल्यावर कोपऱ्यांतला रिमूव्हर पाण्याने पुरता धुवा. राहिला तर नवा रंग उचलून येतो. वाळल्यावर त्याच दिवशी अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर मारा. लोखंडाचा रेड ऑक्साइड इथे नीट धरत नाही. निघालेल्या पापुद्र्यांचा लगदा मोरीत, नाल्यात किंवा चुलीत टाकायचा नाही. बंद डब्यात ठेवून तो घातक कचरा म्हणून वेगळा द्यायचा.

काही उडालंच, तर कपडे काढून त्या जागेवर निदान 20 मिनिटं वाहतं पाणी सोडा. डोळ्यांत गेलं तरी तेच, पापण्या उघड्या धरून. लिंबू, हळद, तूप काही लावू नका. कुणी प्यालं तर उलटी करवू नका. कुणी आत बेशुद्ध पडलेलं दिसलं तर एकदम आत धावू नका, आधी दारं-खिडक्या उघडा, माणसं बोलवा, आणि 108 ला फोन करा.

डब्यावरचं बारीक इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानातच मोबाईलवर त्याचा फोटो काढा आणि गटाच्या मीटिंगला आणा. विकत घेण्याआधी आपण मिळून वाचू.