पायाची बंद रक्तवाहिनी उघडली, आता पुढे काय?

पेणच्या बाजारातून निघालात की ठरावीक अंतरावर पोटरी आवळून येते, दोन मिनिटे थांबले की बरे वाटते, चालले की पुन्हा तेच. पेण-रोह्याकडचे अनेक रुग्ण याला ‘वात’ समजून तेल चोळत बसतात. पण हा पायाच्या रक्तवाहिनीतील अडथळा असू शकतो. तंबाखू, विडी, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणे.

‘अँजिओप्लास्टी किंवा बायपास केला की पाय पहिल्यासारखा होईल ना?’ असे घरचे विचारतात. उत्तर आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असते.

फक्त चालताना दुखत असेल तर

यातील बहुतेकांवर पाय गमावण्याची वेळ येत नाही. म्हणून आधी औषधे, तंबाखू बंद आणि चालण्याचा व्यायाम: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. आठवड्यातून किमान 3 दिवस, 30 ते 45 मिनिटे, निदान 12 आठवडे. तरीही रोजची कामे अडत असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिने चालण्याचे अंतर वाढते, पण अडथळा पुन्हा येऊ शकतो. पोटातून जांघेकडे येणारी मोठी रक्तवाहिनी उघडल्यास ती जास्त काळ टिकते; मांडीतील आणि गुडघ्याखालील लवकर आकसते.

झोपेत दुखत असेल, जखम भरत नसेल तर

इथे उद्देश पाय वाचवण्याचा असतो, त्यामुळे थांबू नका. 2022 च्या ‘बेस्ट-सीएलआय’ अभ्यासात, पायाची स्वतःची शीर चांगली असलेल्या रुग्णांना आधी बायपास केल्याचा जास्त फायदा दिसला. 2023 च्या ब्रिटनमधील ‘बेसिल-2’ अभ्यासात गुडघ्याखालच्या अडथळ्यांसाठी आधी अँजिओप्लास्टी सरस ठरली. म्हणजे सगळ्यांसाठी एकच उपाय नाही. ‘माझ्यासाठी हाच का?’ हे व्हॅस्क्युलर सर्जनना जरूर विचारा. रक्तपुरवठा सुरू झाला तरी जखम भरायला आठवडे, कधी महिने लागतात. पाऊल वाचवण्यासाठी एखादे बोट काढावे लागले, तर उपचार फसला असे समजू नका.

घरी आल्यावर

• रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःहून बंद करू नका. या रुग्णांना हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचाही धोका असतो.
• विडी, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद.
• मधुमेह असेल तर रोज तळपाय पाहा. भातलावणीच्या चिखलात अनवाणी उतरू नका. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी नको.
• दुखणे परतले नसले तरी तपासणीला जा.

पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला किंवा हलेनासा झाला, तर सकाळपर्यंत वाट पाहू नका. अशा वेळी पहिले सहा तास मोलाचे असतात, आणि आपल्याकडून पनवेल-मुंबई गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो. लगेच 108 ला फोन करा. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.