नळी अर्धी, आकडा खोटा

कळमना मार्केटमध्ये मिरचीचे देठ खुडायला जाणारी आमच्या वस्तीतली एक ताई आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्याने हृदयाची झडप खराब झाली आणि पुढे ती बदलावी लागली. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, आणि आय.एन.आर.ची तपासणी दर महिन्याला.

एकदा रिपोर्टात ४.८ आले. "गोळ्या जास्त घेतल्या असतील, तुम्ही लोक ऐकतच नाही," असे तिला ऐकवले गेले. आम्ही पट्टी मोजली. एकही गोळी जास्तीची गेली नव्हती. मग रक्त कसे काढले ते विचारले. "नस सापडत नव्हती सिस्टर, जेवढं निघालं तेवढंच भरलं." त्याच दिवशी दुसरीकडे नीट रक्त दिले, आकडा आला २.९. तिच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी ठरवलेल्या २.५ ते ३.५ च्या आतला.

ही तपासणी रक्तातले औषध मोजत नाही, रक्त गोठायला लागणारा वेळ मोजते. निळ्या झाकणाच्या नळीत आधीच सायट्रेट असते. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त लागते. रक्त कमी भरले की सायट्रेट जास्त होते, रक्त उशिरा गोठते आणि आकडा फुगतो. तो खरा मानून डोस कमी केला, तर झडपेवर गुठळी बसून लकवा मारू शकतो. उलट आकडा खोटा कमी आला आणि डोस वाढवला, तर रक्तस्राव होतो.

दुसरी गडबड प्रयोगशाळेच्या आत होते. रक्त गोठवायला वापरतात त्या द्रावणाची ताकद कंपनीगणिक वेगळी असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये आय.एन.आर.ची पद्धत आणली. द्रावणाच्या प्रत्येक खोक्यावर आय.एस.आय. नावाचा आकडा असतो. समजा रुग्णाचा वेळ २४ सेकंद आणि निरोगी रक्ताचा १२, म्हणजे दुप्पट. आय.एस.आय. १ असेल तर आय.एन.आर. २ येतो, १.४ असेल तर २.६. खोके बदलले आणि यंत्रात जुनाच आकडा राहिला, तर सगळा हिशेब चुकतो. नर्सिंग शिकताना हे आम्हालाही कोणी नीट समजावले नव्हते.

रक्त देताना नळी खुणेपर्यंत भरली का ते बघा, नसेल तर पुन्हा काढायला सांगा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. रिपोर्टावर रुग्णाचा वेळ, कंट्रोलचा वेळ आणि आय.एस.आय. लिहून मागा. दर वेळी एकाच प्रयोगशाळेत जा, शक्यतो एन.ए.बी.एल. मान्यता असलेल्या. दोन-तीन दशांशाच्या फरकाने घाबरू नका, पण आकडा एकदम उडाला तर डॉक्टरांना विचारून लगेच पुन्हा तपासा. मनाने गोळी कमी-जास्त करू नका. काळी शौच, लघवीत रक्त, न थांबणारा घोणा, डोक्याला मार, तोंड वाकडे होणे, यांत रिपोर्टाची वाट न बघता थेट मेडिकल किंवा मेयो गाठा.

ताई आता नळीवरची खूण बघितल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी जुने रिपोर्ट घेऊन विहारात या, आम्ही सोबत बसून वाचू.