पाटी बदला, इंजिन बदललं!

फेब्रुवारी १९५२. ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज वारले होते. शवपेटी लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून विंडसरला न्यायची आणि गाडीला इंजिन लावायचं ते ४०८२ क्रमांकाचं ‘विंडसर कॅसल’च. नाव तर शोभत होतंच, शिवाय १९२४ मध्ये राजाच्या वडिलांनी, पाचव्या जॉर्जनी, स्विंडनला हेच इंजिन स्वतः चालवलं होतं. तसं सांगणाऱ्या पाट्याही त्याच्या केबिनला लावलेल्या. पंचाईत एवढीच, की इंजिन नेमकं दुरुस्तीसाठी कारखान्यात पडलं होतं.

आता काय करायचं? पाना घ्यायचा! ७०१३ ‘ब्रिस्टल कॅसल’ला विंडसरचं नाव, विंडसरचा नंबर आणि राजाच्या आठवणीच्या त्या पाट्याही लावल्या. १९४८ साली बांधलेलं इंजिन १९२४ मध्ये राजानं चालवलं होतं म्हणे! शौकिनांच्या नजरेतून हे सुटतंय होय? नव्या इंजिनाची ठेवण त्यांनी लगेच ओळखली. तरी ही अदलाबदल पुन्हा कधी उलटवलीच नाही. खरं विंडसर उरलेली सगळी वर्षं ब्रिस्टल म्हणून राबलं.

हे इतकं सोपं कसं? कारण वाफेच्या इंजिनाचं नाव म्हणजे वेगळी बनवून बोल्टनं बसवलेली पाटी. आणि नुसती पाटीच सुटी होते असं नाही. चौकटीपेक्षा बॉयलरच्या दुरुस्तीला वेळ जास्त लागतो. म्हणून मोठ्या दुरुस्तीत तयार असलेला दुसराच बॉयलर चढवून इंजिन रवाना करत. मग ‘तेच’ इंजिन म्हणजे नेमकं कोणतं?

हा प्रश्न आज जतन केलेल्या ‘रॉयल स्कॉट’ला विचारा. मूळ ६१०० ‘रॉयल स्कॉट’ १९२७ चं, ग्लासगोत बांधलेलं. पण १९३३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनाला गेलं ते १९३० चं, डर्बीचं ६१५२ इंजिन, ‘रॉयल स्कॉट’ची पाटी लावून. परतल्यावरही ती पाटी त्याच्याकडेच राहिली. १९५० मध्ये त्याचा बॉयलरही बदलला. लोक आज कौतुकानं बघतात ते हे!

कधी कधी पाटी बदलायला राजकारण पुरतं. १९३७ चं ‘युनियन ऑफ साउथ आफ्रिका’ घ्या. वर्णभेदाविरुद्ध जग पेटलेलं असताना हे नाव मिरवणं अवघड झालं, तेव्हा त्यावर ‘ऑस्प्रे’ची पाटी चढली. तीही काही नव्यानं सुचलेली नव्हे. बांधणीच्या वेळी आधी ठरलेलं नाव तेच होतं. पुढे दक्षिण आफ्रिकेतले वारे फिरले आणि जुनी पाटी परत आली.

याच इंजिनाचं एक भावंड होतं, ‘एम्पायर ऑफ इंडिया’. १९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो, पण ती पाटी उतरवायचं कुणाला सुचलं नाही. थेट १९६४ मध्ये ते सेवेतून निघेपर्यंत, म्हणजे आपले नेहरू पंतप्रधान असताना, तिकडे ‘हिंदुस्थानचं साम्राज्य’ धूर सोडत धावतच होतं!