विहिरीचं कार्ड आणि नदीची रेषा

तळा तालुक्यातल्या गावात जलसुरक्षक विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतो. आरोग्य खात्याची माणसं आसपास पाहतात: कठडा धड आहे का, शेजारी उकिरडा साचलाय का, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर शिल्लक आहे का. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका मोठा.

विहिरीपलीकडे नदीकडे पाहिलं तर खाती बदलतात. कारखान्यांचं सांडपाणी ही १९७० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची जबाबदारी. शेजारच्या रोह्यात, धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे, कुंडलिका नदीकाठी हा विषय कायम तापलेला.

नदीच्या पुराचं पाणी कुठवर येतं हे दाखवणारी पूररेषा आखतो जलसंपदा विभाग. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत शेती, बाग, मैदान चालतं, घर नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. मात्र रेषा एक खातं आखतं आणि बांधकामाची परवानगी दुसरंच कार्यालय देतं. खरी गोम इथेच आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीने महाड बुडवलं, तेव्हा पूररेषेची चर्चा घरोघरी झाली. ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. एकदा पूर येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुटका होत नाही.